आठवीच्या सगळ्या तुकड्यांना प्रोग्रामिंगच्या बारा तासिका द्या

प्रति,
मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक व संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

वेळापत्रक लावताना संगणकाच्या तासिका उरलेल्या जागी बसतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्या तासिकांत पेंटमध्ये झेंडा, वर्डमध्ये रजेचा अर्ज आणि एक्सेलमध्ये गुणपत्रक होतं. प्रोग्रामिंग शिकवायचं ठरलंच, तर परिपाठानंतर सूचना येते: ज्यांना आवड आहे त्यांनी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात थांबावं. आमची तक्रार त्या एका वाक्याबद्दल आहे.

त्या सूचनेवर कोण थांबतं ते पाहा. घरी लॅपटॉप असलेला, मोठा भाऊ इंजिनिअरिंगला असलेला, बहुधा 'अ' तुकडीतला मुलगा. ही आवड नव्हे, ओळख आहे. पानात वाढायच्या आधीच 'आवडतं का?' विचारलं, तर ज्याच्या घरी तो पदार्थ होतो तोच हो म्हणणार. शिवाय 'शाळा सुटल्यावर' हे दोन शब्दही साधे नाहीत. शाळकरी मुलींसाठीची मानव विकासची निळी बस शाळा सुटण्याची वेळ धरूनच लावलेली असते. ती चुकली की बाहेरगावच्या मुलीला घरी जायची खात्रीची सोय राहत नाही. ती मुलगी सूचना ऐकते, दप्तर उचलते आणि बस गाठते. वर्षअखेरीच्या अहवालात मात्र 'मुलींचा प्रतिसाद अल्प' असं लिहिलं जातं.

म्हणून मागणी अशी: आठवीच्या सगळ्या तुकड्यांना, निवड न करता, शाळेच्या वेळेत, प्रोग्रामिंगच्या बारा तासिका. आवडीचा प्रश्न तेराव्या तासिकेला विचारा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं कोडिंगच्या कृती सहावी ते आठवीच्या टप्प्यात ठेवल्याच आहेत, म्हणजे कागदोपत्री अडचण नाही. आठवीच का, तर नववीपासून दहावीचं सावट पडतं आणि वेगळी तासिका मागणाऱ्याकडे संशयानं पाहिलं जातं. आणि आठवीत अजून कुणी 'आर्ट्सवाला' झालेला नसतो. बारावीला आयटी हा विषय कला आणि वाणिज्य शाखेलाही घेता येतो. पण तोवर 'हे आपलं नाही' असं मुलाचं ठरून गेलेलं असतं.

निवडीची चाळणी बदलली की काय होतं, याची दोन उदाहरणं अमेरिकेतली आहेत. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली संगणकशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्यांत मुली ७ टक्के होत्या. २००० साली त्या ४२ टक्के झाल्या. मधल्या काळात त्यांनी प्रवेशाच्या वेळी आधीच्या प्रोग्रामिंगच्या अनुभवाला दिलं जाणारं वजन कमी केलं आणि पहिल्याच वर्षाला अनुभवाप्रमाणे वेगवेगळे वर्ग सुरू केले. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजनं पहिला अभ्यासक्रम असाच विभागला: ज्यांनी आधी प्रोग्राम लिहिले आहेत ते एका वर्गात, ज्यांनी कधीच नाही ते दुसऱ्या वर्गात. प्रोग्रामिंगची भाषाही जावा सोडून पायथन घेतली. तिथंही काही वर्षांत मुलींचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं. आम्हाला त्यातली एक बारीक गोष्ट फार मोलाची वाटते. वर्गात सतत उत्तरं देऊन बाकीच्यांना गप्प करणाऱ्या विद्यार्थ्याला तिथले प्राध्यापक बाजूला घेत आणि सांगत, तुझ्याशी बोलायला आवडतं, ते आपण वर्गाबाहेर बोलू. आपल्याकडे अशा मुलाला मॉनिटर करतात.

आता बारा तासिकांचा हिशोब. मैदानावर दोन, ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या स्क्रॅचच्या तीन, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब करणाऱ्या प्रोग्रामच्या तीन, अक्षरांच्या तीन आणि शेवटची एक.

पहिल्या दोन तासिकांना संगणक कक्षाचं कुलूप काढूच नका. क्रीडाशिक्षकांकडून फक्की घ्या आणि मैदानावर सहा समांतर पट्टे आखा, दोन पट्ट्यांत तीन फूट अंतर. पट्ट्यांना १ ते ६ क्रमांक द्या. पट्ट्यांना आडवे पाच टप्पे, दोन टप्प्यांत सहा फूट. पहिल्या टप्प्यावर १-६, २-४, ३-५ या पट्ट्यांच्या जोड्या, दुसऱ्यावर २-३ आणि ४-५, तिसऱ्यावर १-४ आणि ३-६, चौथ्यावर १-२, ३-४, ५-६ आणि पाचव्यावर पुन्हा २-३, ४-५. एकूण बारा भेटी. सहा मुलांना सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या द्या, कशाही क्रमानं उभं करा. प्रत्येक भेटीत दोघांनी चिठ्ठ्या दाखवायच्या, लहान आकड्यानं लहान क्रमांकाच्या पट्ट्यात जायचं, मोठ्यानं मोठ्या क्रमांकाच्या. ज्याची त्या टप्प्यावर भेट नाही त्यानं सरळ पुढं जायचं. शेवटी सहाही जण चढत्या क्रमानं उभे असतात, सुरुवात कशीही करा.

यात बिघडतं ते ठरलेलं आहे. धावरी मुलं जोडीदाराची वाट न पाहता पुढं जातात आणि सगळा क्रम कोसळतो. म्हणून टप्प्याटप्प्याला शिट्टी द्या. एखाद्या भेटीत दोघं चुकून उलट गेले तर शेवटची रांग बिघडू शकते. मग कुठल्या भेटीत चूक झाली ते मागं जाऊन शोधायला सांगा. प्रोग्रामिंगमध्ये पुढं जे रोज करायचं असतं ते हेच, आणि इथं ते शोधण्यात खो-खो खेळणारी मुलगी गणितातल्या हुशार मुलाच्या बरोबरीनं उभी असते. दुसऱ्या दिवशी आकड्यांऐवजी आडनावं द्या. आता कुणी विचारेल की 'क्षीरसागर' कुठं लावायचा, 'क'मध्ये की शेवटी? उत्तर देऊ नका, तो प्रश्न नवव्या-दहाव्या तासिकेला लागणार आहे.

अशा संगणकाशिवायच्या कृती स्वतः रचायला नकोत. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या सीएसपाठशाळा या २०१६ साली सुरू झालेल्या उपक्रमानं शाळांसाठी त्या तयार करून ठेवल्या आहेत.

तिसऱ्या तासिकेपासून संगणक. इथं तुमची खरी अडचण येते: वर्गात साठ मुलं, चालू यंत्रं दहा. साठ मुलांना दहा यंत्रांभोवती उभं केलं की एकाच्या हातात माऊस आणि पाचांच्या हातात काही नाही. त्याऐवजी वीस-वीसचे तीन गट करा. एक गट यंत्रांवर, दोघा-दोघांच्या दहा जोड्या. दुसऱ्या गटाला तोच प्रोग्राम कागदाच्या पट्ट्यांवर कापून द्या, एका पट्टीवर एक ओळ, क्रम विस्कटलेला, वर दोन चुकीच्या पट्ट्या मिसळलेल्या. त्यांनी क्रम लावायचा. तिसऱ्या गटाला छापलेला प्रोग्राम द्या आणि तो चालवला तर पडद्यावर काय उमटेल ते वहीत लिहायला लावा. दर तासिकेला गट फिरतात, तीन तासिकांत फेरी पूर्ण होते. सात यंत्रं चालू असतील तर जोड्या तिघांच्या करा, पण त्यापुढं नको.

जोडीचा नियम कडक ठेवा. एक चालक, एक वाटाड्या. कळफलक आणि माऊस चालकाकडे. वाटाड्यानं फक्त सांगायचं, हात लावायचा नाही. सात मिनिटांनी शिट्टी, अदलाबदल. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत बसणं-उठणं धरून चार पाळ्या होतात. पहिली पाळी ज्याला कमी येतं त्याची. आणि 'हुशाराबरोबर कच्चा' अशी जोडी लावू नका. आपल्याला ती सवय आहे, पण इथं ती नडते, कारण हुशार मुलगा टाइप करतो आणि दुसरा पाहत बसतो. सारख्या ओळखीची मुलं एकत्र बसवा.

स्क्रॅचबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबनं २००७ साली आणलेलं हे साधन फुकट आहे आणि ठोकळे जोडायचे असल्यानं टायपिंगची भीती राहत नाही. चलांची (म्हणजे किंमत साठवायच्या कप्प्यांची) आणि स्वतः बनवलेल्या ठोकळ्यांची नावं मराठीत देता येतात, ती द्यायला लावा. मांजर उजवीकडे पळवणं एवढ्यावर थांबू नका. रांगोळीचे ठिपके काढून घ्या. पाच ठिपक्यांची एक ओळ, मग अशा पाच ओळी, म्हणजे पुनरावृत्तीच्या आत पुनरावृत्ती. ज्या मुली दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढतात त्यांना दोन ठिपक्यांतलं अंतर का बदलायचं नाही हे सांगावं लागत नाही. फक्त एक पाहा: स्क्रॅचची तिसरी आवृत्ती अधिकृतपणे विंडोज १० मागते. जुनी यंत्रं असतील तर आधी एकावर बसवून बघा, वर्ग भरल्यावर नव्हे.

सहाव्या तासिकेला पायथन, आणि पहिलाच प्रोग्राम पोषण आहाराचा. मूळ संख्या ओळखणं, फॅक्टोरियल काढणं हे आपल्या पुस्तकांतले आवडते पहिले धडे ज्यांना आधीच गणित आवडतं त्यांच्यासाठीच बेतलेले असतात. तांदळाचा हिशोब मात्र रोज दुपारी आठवीपर्यंतच्या मुलांच्या पोटात जातो. पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. हजर मुलांचा आकडा विचारायचा, गुणायचा, हजारानं भागून किलो सांगायचे. सहावी ते आठवीत ८४ हजर असतील तर १२.६ किलो.

आणि इथं एक चूक मुद्दाम होऊ द्या. पायथनमध्ये 'इनपुट'नं घेतलेलं उत्तर हा मजकूर असतो, संख्या नव्हे. ते संख्येत बदलणाऱ्या 'इंट'मध्ये न घालता १५० नं गुणलं, तर पायथन गुणाकार करत नाही. ८४ हा मजकूर एकशे पन्नास वेळा पुढं पुढं लिहितो. पडद्यावर ८४८४८४८४ असा तीनशे अंकांचा आगगाडीचा डबा उमटतो आणि सगळा वर्ग हसतो. हसू द्या. मग विचारा, इतका तांदूळ कुठं ठेवायचा? मजकूर आणि संख्या यांतला फरक पाठ करायला दिला तर तो चार दिवस टिकतो. हा डबा एकदा पाहिला की विसरत नाही. फळ्याचा एक कोपरा 'आजच्या चुका' म्हणून राखून ठेवा, त्यात पहिली चूक शिक्षकांची असावी.

इंग्रजीची भीती खरी आहे आणि 'कोडिंगला इंग्रजी लागत नाही' असं सांगून ती जात नाही. लागतं, पण किती ते मोजून दाखवा: या बारा तासिकांना प्रिंट, इनपुट, इंट, इफ, एल्स, फॉर, इन, रेंज, व्हाइल, लेन असे दहा शब्द पुरतात. त्यांचा तक्ता भिंतीवर लावा. बाकी सगळी नावं मराठीत चालतात. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत 'हजर', 'तांदूळ', 'एकूण' ही चलांची नावं देवनागरीतच देता येतात. मुलानं उत्तरादाखल ८४ हे देवनागरी अंकांत टाइप केलं, तरी 'इंट' ते बरोबर ओळखतो. मात्र प्रोग्रामच्या आत लिहिलेले आकडे देवनागरीत चालत नाहीत, तिथं पायथन अडतो. हा भेद आधीच सांगून ठेवा.

आणखी दोन खड्डे. काही कळफलकांवर 'दुसऱ्या' सारख्या शब्दातलं ऱ्य लिहिताना मध्ये न दिसणारं जोडचिन्ह पडतं. चलाच्या नावात ते आलं की पायथन त्या ओळीवर चूक दाखवतो आणि डोळ्याला काहीच दिसत नाही. नाव पुसून ऱ्य नसलेलं दुसरं नाव द्या, वेळ घालवू नका. दुसरा खड्डा अवतरणचिन्हांचा. वर्डमध्ये लिहिलेल्या किंवा काही फोनवरून संदेशानं पाठवलेल्या प्रोग्राममधली सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, आणि पायथनला वाकडी चालत नाहीत. साठ मुलांच्या तासिकेत यात अर्धा तास सहज जातो. प्रोग्राम नेहमी पायथनच्या फाईलच्या रूपातच द्या.

पायथन चालवायला थॉनी घ्या. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात बनलेलं हे मोफत साधन एकेक ओळ चालवून दाखवतं आणि शेजारी चलांच्या किमती बदलताना दिसतात. विंडोज ७ असलेल्या यंत्रांवर पायथनची ३.८ पुढची आवृत्ती चालत नाही, पण थॉनीचा ३.८ वाला वेगळा संच मिळतो, तो बसवा. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) मराठी नीट जुळत नाही. थॉनीत वाचता येतं.

नवव्या तासिकेपासून अक्षरं, आणि इथं मराठीच्या शिक्षकांना बोलवा. ही फेरी आमच्या मते सगळ्यांत श्रीमंत आहे. 'मराठी' या शब्दात अक्षरं किती? मुलं म्हणतील तीन. पायथनला लांबी मोजणाऱ्या 'लेन'नं विचारा, तो पाच म्हणतो. 'स्त्री'त मुलं एक अक्षर मोजतात, पायथन सहा. का? कारण युनिकोड या संगणकात अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत काना, वेलांटी आणि हलन्ताची खूण वेगवेगळी मोजली जाते. आता उलटसुलट सारखे वाचले जाणारे शब्द तपासणारा प्रोग्राम चालवा. 'कडक' आणि 'नयन' पास होतात. 'नवजीवन' नापास! वेलांटी 'ज'ला सोडून 'व'ला जाऊन चिकटते. यंत्र चुकलं का, की आपण त्याला अक्षर म्हणजे काय ते सांगितलं नाही? या प्रश्नावर भाषेची आवड असलेली मुलं जी भांडतात, ती कुठल्याही गणिती कोड्यावर भांडत नाहीत.

मग हजेरीपटातली आडनावं क्रमानं लावायला सांगा. क्षीरसागर 'क'च्या शेवटी, 'खरात'च्या आधी येतो, कारण यंत्राच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. आपल्या वर्णमालेत शेवटी येणारा ळ यंत्राकडे ल आणि व यांच्या मध्ये बसतो. मैदानावर अर्धवट सोडलेला प्रश्न इथं सुटतो, किंवा खरं तर इथं सुरू होतो. ज्यांना पुढं जायचं असेल त्यांना लघु-गुरू ओळखणारा प्रोग्राम द्या. भुजंगप्रयातात चरणाला बारा अक्षरं, लघु-गुरू-गुरू चार वेळा. ऱ्हस्व-दीर्घ ओळखणं सोपं आहे. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू धरायचं तर 'तुम्ही'तल्या 'तु'चं काय, हे अवघड. तिथं आघात पडत नाही, आणि आघात यंत्राला ऐकू येत नाही. अपवादांची यादी मुलांनीच करायची.

वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर त्याला स्क्रॅचच्या फेरीत बसवून ठेवू नका, ठोकळे ओढणं त्याला जमण्यासारखं नाही. त्याला थेट पायथन द्या. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं साधन मोफत आहे आणि मराठीही वाचतं. त्याच्या सेटिंगमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा बोलून किंवा सुरावटीनं सांगण्याची सोय असते, ती चालू करा, कारण पायथनमध्ये त्या जागेला अर्थ आहे. थॉनी मात्र त्याच्या कामाची नाही. प्रोग्राम नोटपॅडमध्ये लिहून चालवू द्या.

'आता एआयच कोड लिहून देतो, मग कशाला?' असा प्रश्न पालक सभेत येणारच. तीनशे अंकांचा तांदूळ पाहून काही तरी चुकलंय एवढं ज्याला कळतं, त्यालाच एआयनं दिलेला हिशोब तपासता येईल. बारा तासिका एआय बाजूला ठेवा, नंतर त्यानं लिहिलेल्या प्रोग्रामातल्या चुका शोधायला द्या.

शेवटच्या तासिकेला स्पर्धा, क्रमांक, बक्षीस नको. जोडीजोडीनं आपला प्रोग्राम दुसऱ्या जोडीला वापरायला द्यायचा आणि तो कुठं अडतो ते टिपायचं. हजर मुलांच्या जागी कुणी 'बारा' असं अक्षरी लिहिलं तर? उणे पाच लिहिलं तर? आणि लेखी परीक्षा तर अजिबात नको. 'चल म्हणजे काय, व्याख्या लिहा' हा प्रश्न आला की पाठांतरवाले पुन्हा पुढं आणि बाकीचे पुन्हा मागं.

एक कागद तेवढा ठेवा. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाकडून तीन गोष्टी: घरी संगणक आहे का, आधी प्रोग्राम लिहिला आहे का, शाळेत ये-जा कशी करतो. तेराव्या तासिकेला, म्हणजे पुढं शिकायचं का हे विचाराल तेव्हा, हात वर करायला लावू नका, चिठ्ठी घ्या. हात शेजाऱ्याकडे बघून वर होतो. चिठ्ठ्या पहिल्या कागदाशी ताडून पाहा. 'हो' म्हणणाऱ्यांत संगणक नसलेल्या घरची मुलं आणि बसनं येणाऱ्या मुली किती, हा आकडा शाळेच्या अहवालात यावा. तो कमी आला तर पुढच्या वर्षी काय बदलायचं ते त्याच कागदावर दिसेल. आणि पुढचा वर्ग शाळा सुटल्यावर नव्हे, शनिवारच्या सकाळच्या शाळेत मधल्या सुट्टीआधी लावा.

खर्चाचं म्हणाल तर फक्की, चिठ्ठ्या, कात्री आणि एक शिट्टी. संगणक आहेत तेवढेच पुरतील. बॅटरी गेलेला यूपीएस मात्र आधी बदलून घ्या, कारण वीज गेली आणि न साठवलेला प्रोग्राम उडाला की त्या जोडीला पुन्हा बसवणं जड जातं.

आपले,
शाळांतून प्रोग्रामिंग शिकवणारे काही जण